'वीस वर्षं म्हणजे काहीच नाही' ही ओळ पत्रिकेवर छापण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. थोरले बंधू वीस वर्षांनी टोरांटोहून कायमचे घरी येतायत. घरच्या घरी छोटा समारंभ आहे. त्यात 'वोल्वेर', म्हणजे 'परतणं', हे स्पॅनिश गाणं लावायचं ठरलंय. पत्रिकेवर त्यातल्या दोन ओळी मराठीत छापायच्या आहेत: 'वीस वर्षं म्हणजे काहीच नाही' आणि 'पहिल्या प्रेमाकडे माणूस परततोच'. दुसरी ओळ वहिनींसाठी, कारण दोघांचं कॉलेजपासूनचं. अर्थ बरोबर लागलाय का, एवढंच तुम्हाला हवंय.

आधी उत्तर देते, मग कारणं. शब्दांचा अर्थ तुम्ही अगदी बरोबर लावलाय. तरीही या ओळी पत्रिकेवर छापू नका. त्या दारात ओवाळायला उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडच्या नाहीत, येणाऱ्याच्या तोंडच्या आहेत. आणि या गाण्यातला येणारा आनंदात नाही, तो घाबरलेला आहे. अख्ख्या गाण्यात तो घरी पोचतसुद्धा नाही.

गेली चोवीस वर्षं मी पुण्यात स्पॅनिश शिकवते आणि भाषांतरं करते. दर वर्षी दुसऱ्या पातळीच्या वर्गात हे गाणं घेते, त्यामुळे त्यातल्या कुठल्या शब्दाला मराठी माणूस कुठे अडखळतो हे मला पाठ झालंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, गाणं नेमकं कुठलं ते तपासून घ्या. याच शब्दाचं, पण दोनदा उच्चारलेलं, एक मेक्सिकन रांचेरा गाणं फार लोकप्रिय आहे, विसेंते फर्नांदेसनं गाजवलेलं. त्याची गोष्ट निराळी. तुम्ही दिलेल्या दोन्ही ओळी आर्जेंटिनाच्या टँगोतल्या आहेत. संगीत आणि आवाज कार्लोस गार्देलचा, शब्द आल्फ्रेदो ले पेराचे, आणि तो १९३५ सालच्या चित्रपटातला आहे. स्पॅनिश दिग्दर्शक अल्मोदोवारच्या २००६ च्या चित्रपटात पेनेलोपे क्रूझच्या तोंडी जे गाणं आहे, तेही हेच. फक्त तिथे ते फ्लामेंकोच्या चालीत आहे आणि आवाज एस्त्रेया मोरेन्तेचा आहे. उच्चाराबद्दल एक सांगून ठेवते. स्पॅनिशमध्ये 'व' आणि 'ब' असा फरक कानाला नसतो, म्हणून रेकॉर्डवर तुम्हाला 'बोल्बेर' ऐकू येईल. लिहिताना मी रूढ झालेलं 'वोल्वेर' ठेवते.

आता पूर्ण गाणं साध्या गद्यात देते. हे माझं भाषांतर आहे, यमक-बिमक काही जुळवलेलं नाही.

'दूरवर दिव्यांची उघडझाप होतेय, ती मला आधीच कळते. तेच दिवे माझ्या परतीची वाट आखत चाललेत. दुःखाचे खोल प्रहर ज्यांच्या फिकट उजेडात काढले, तेच हे दिवे. परत यायला मी नको म्हणालो होतो, तरी पहिल्या प्रेमाकडे माणूस परततोच. ती शांत गल्ली, जिथे प्रतिध्वनी म्हणाला होता, तिचं आयुष्य तुझं, तिचा जीवही तुझा. वर चेष्टेनं बघणारे तारे. आज मी परततोय ते बघतात, पण त्यांना त्याचं सोयरसुतक नाही.

'परतणं, भाळ कोमेजलेलं, काळाच्या हिमानं कानशिलं रुपेरी झालेली. वाटणं, की आयुष्य एक फुंकर आहे, की वीस वर्षं म्हणजे काहीच नाही, की तापानं फणफणलेली नजर सावल्यांतून भटकत तुला शोधते आणि तुझं नाव घेते. जगणं, एका गोड आठवणीला जीव घट्ट धरून, जिच्यासाठी परत रडू येतं.

'भीती वाटते, माझ्या आयुष्यासमोर परत उभा ठाकणाऱ्या भूतकाळाच्या भेटीची. भीती वाटते आठवणींनी गजबजलेल्या रात्रींची, त्या माझ्या स्वप्नांना साखळदंड घालतील याची. पण पळून चाललेला वाटसरू आज ना उद्या थांबतोच. आणि सगळ्याची माती करणाऱ्या विसरण्यानं माझी जुनी आस मारून टाकली असली, तरी एक साधीशी आशा मी लपवून ठेवली आहे. माझ्या काळजाची पुंजी तेवढीच.'

आता पहिल्या ओळीपाशी थांबू या. 'यो आदिविनो एल पारपादेओ.' बहुतेक भाषांतरांत 'मला दिवे दिसतात' असं उरकून टाकलेलं असतं. पण 'आदिविनार' म्हणजे दिसणं नव्हे. दिसायच्या आधी ओळखणं, ताडणं. ज्योतिषी सांगतो तेही 'आदिविनार', कोडं सोडवणं तेही 'आदिविनार'. आणि 'पारपादेओ' हा शब्द पापणीपासून आला आहे. पापणी लवते तशी दिव्यांची उघडझाप.

माझ्या एका बॅचला मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले रत्नागिरीकडचे एक कॅप्टन होते. ही ओळ मी फळ्यावर लिहिली, 'ओळखतो, ताडतो' असा अर्थ सांगितला, तसे ते ताठ बसले. म्हणाले, मॅडम, हे असंच असतं. रात्री किनारा जवळ येताना दीपगृहाचा दिवा आधी दिसत नाही. आधी क्षितिजापाशी उजेडाची नुसती हालचाल जाणवते, ढगांच्या पोटाला लागून. येतो, जातो. दिवा अजून पाण्याच्या गोलाईखालीच असतो. पण ज्याला तो किनारा माहीत आहे, तो त्या हालचालीवरूनच सांगतो की हा अमका दिवा. उठून त्यांनी हात उंच करून बोटांची उघडझाप करून दाखवली: एक, दोन, मग अंधार, परत एक. त्या दिवसापासून ही ओळ शिकवताना मी त्यांचंच उदाहरण देते. गाण्यातला माणूस ब्युनोस आयर्सकडे निघालाय, आणि ते शहर ला प्लाता नदीच्या सपाट काठावर आहे. ही नदी मुखाशी दोनशे किलोमीटरहून अधिक रुंद आहे, किनाऱ्यावर डोंगर नाही की टेकडी नाही. तिथे जहाजातून येणाऱ्याला शहराची पहिली ओळख दिव्यांचीच.

हे लक्षात घेतलं की गाण्याची जागा कळते. तो डेकवर आहे. बंदर यायचंय. दिवे 'परतीची वाट आखत चाललेत', म्हणजे प्रवास अजून सुरूच आहे. पुढे गल्ली येते, पण ती आठवणीतली गल्ली. सावल्या येतात, पण त्या नजरेपुढच्या. कुठलं दार उघडल्याचा, कुणी मिठी मारल्याचा, कुणी 'कोण?' असं आतून विचारल्याचा एक शब्द गाण्यात नाही.

मग येते तुमची दुसरी ओळ, आणि तिच्या जोडीला लागूनच असलेला तिचा पहिला अर्धा भाग, जो तुम्ही सोडलाय. 'परत यायला मी नको म्हणालो होतो.' मूळ शब्द 'नो किसे'. 'केरेर' या क्रियापदाचा हा भूतकाळ. नकारासह येतो तेव्हा 'इच्छा नव्हती' यापेक्षा 'नाकारलं' या अर्थाकडे तो झुकतो. म्हणजे पहिल्या प्रेमाकडे परतणं त्याला आवडलेलं नाही, ते त्याला चुकवता आलेलं नाही. 'सिएम्प्रे से वुएल्वे' या रचनेत कर्ताच नाही. 'मी परततो' असं तो म्हणत नाही, 'परतलं जातं' असं म्हणतो. आपल्याकडे 'शेवटी माणूस तिथेच येतो' म्हणताना आवाज जसा खाली जातो, तसा तो सूर आहे. ज्यांचा संसार वीस वर्षं एकत्र झालाय, त्यांच्यासाठी ही ओळ वापरली तर स्पॅनिश जाणणाऱ्याला ती विचित्रच वाटेल. बंधू वहिनींना सोडून गेलेलेच नाहीत, तर परतणार कुठून?

गंमत म्हणजे, लगेच दोन ओळींनंतर प्रतिध्वनी जे म्हणतो त्यातही हेच 'केरेर' आहे, नाम होऊन आलेलं: 'तुयो एस सु केरेर'. हवं असणं आणि प्रेम करणं यांना स्पॅनिशमध्ये हा एकच शब्द. वर तो म्हणाला, परतणं मला नको होतं; खाली गल्ली आठवण करून देते, तिला तू हवा होतास. ले पेरानं हे जाणूनबुजून केलं असं मी ठासून सांगणार नाही, पण कानाला ते लागतं. मराठीत मी 'जीव' शब्द घेतला, कारण 'तिचा जीव आहे त्याच्यावर' असं आपण म्हणतोच. प्रेम म्हटलं असतं तर ते पुस्तकी झालं असतं.

तारे मात्र भाषांतरात सहज आले. चेष्टेनं बघणारे, तरी अलिप्त. 'सोयरसुतक नसणं' या आपल्या वाक्प्रचारात जी कोरडी तुटकता आहे, तीच तिथे हवी होती.

आता धृवपद, म्हणजे तुमची 'वीस वर्षं'.

गार्देल 'वोल्वेर' हा शब्द एकटा उच्चारतो, लांबवतो आणि त्याच्यापुढे जागा सोडतो. मराठी वाचकानं ऐकण्यासारखी जागा ही. 'वोल्वेर' हे क्रियापदाचं मूळ रूप आहे: परतणं. पुढे 'सेन्तिर': वाटणं. मग 'विविर': जगणं. धृवपदाचे तीन खांब ही तीन मूळ रूपं. यांना ना कर्ता आहे, ना काळ. कोण परततोय? केव्हा? काही नाही. नुसतं परतणं. शिवाय गाण्यात इतरत्रही ले पेरानं क्रियापदांची नामं केली आहेत: ताऱ्यांचं 'बघणं', माझं 'स्वप्न पाहणं', वाटसरूचं 'चालणं'. मराठीचा 'णं' इथे विनासायास बसतो. हे गाणं मी इंग्रजीतूनही समजावून पाहिलंय आणि मराठीतूनही, आणि माझं ठाम मत आहे की मराठीतून ते जास्त नीट कळतं.

त्याचं आणखी एक कारण 'परत' या आपल्या शब्दात आहे. 'परत आला' म्हणजे मागे आला, आणि 'परत सांग' म्हणजे पुन्हा सांग. स्पॅनिश 'वोल्वेर'चं नेमकं असंच आहे. एकटं आलं तर परतणं, दुसऱ्या क्रियापदाला जोडून आलं तर पुन्हा करणं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लोळवणं, उलटवणं. आपणही कांदा 'परततो' तेव्हा तो उलटतच असतो. ही दुहेरी जागा दुसऱ्या कडव्यात फार महत्त्वाची ठरते, तिकडे येतेच.

'फ्रेन्ते मार्चिता', कोमेजलेलं कपाळ. एका विद्यार्थिनीनं हे लिहून आणलं आणि वर्गात कुजबुज झाली, कारण मराठीत कपाळ म्हटलं की नशीब आठवतं, 'कपाळच फुटकं' आठवतं. मूळ शब्द फुलासाठी वापरायचा आहे, सुकत चाललेल्या फुलासाठी. म्हणून मी 'भाळ' घेते. जरा जुना शब्द आहे, पण नशिबाचा वास कमी. 'काळाचं हिम' ही प्रतिमा आपली नाही, आपले केस पिकतात, म्हणजे शेतातून येतात. पण ती तशीच ठेवावी. 'प्लातेआरोन', रुपेरी केलं, यातली चांदी ही त्या नदीच्याही नावात आहे आणि आर्जेंटिना या देशाच्याही. कानशिलावर ती गोळा झाली आहे.

'आयुष्य एक सोप्लो आहे.' सोप्लो म्हणजे फुंकर. मेणबत्ती विझवायची ती, आणि मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालायची तीसुद्धा.

आणि मग 'वीस वर्षं म्हणजे काहीच नाही'. इथे व्याकरणाची एक बारीक जागा आहे. वर्षं वीस, म्हणजे क्रियापद अनेकवचनी यायला हवं. पण मूळ ओळीत ते एकवचनी आहे: 'वेइन्ते आन्योस नो एस नादा'. वीस सुटी वर्षं नव्हेत, वीस वर्षांचा एक गठ्ठा. जणू एकच वस्तू, हातात उचलून पाहिली आणि तिला वजनच नाही. शिवाय ही ओळ स्वतंत्र वाक्य नाही, ती 'सेन्तिर'ला लटकलेली आहे. वीस वर्षं काहीच नाहीत असं तो सांगत नाही. असं त्याला *वाटतं*. आधीच्याच ओळीत त्याचे केस पांढरे झालेले आहेत. म्हणजे काळानं आपलं काम चोख केलंय हे त्याला दिसतंय, आणि तरी छातीत असं वाटतंय की कालच तर निघालो. त्या दोन गोष्टींमधली ओढाताण म्हणजे ही ओळ. स्पॅनिश बोलणाऱ्या जगात ती म्हणीसारखी झाली आहे; जुने मित्र भेटले की सहज तोंडी येते, हसतही म्हणतात. पण ती येणाऱ्यानं म्हटली तर शोभते. इकडे राहिलेल्यांनी पत्रिकेवर छापली, तर तिचा अर्थ होतो की तू नव्हतास त्याचं आम्हाला काही नव्हतं. तुम्हाला ते म्हणायचं नाहीये.

धृवपदात आणखी एक गोष्ट घडते, ती निसटू देऊ नका. पहिल्या कडव्यात ती 'तिचं आयुष्य, तिचा जीव' अशी तिऱ्हाईत होती. धृवपदात नजर '*तुला* शोधते, *तुझं* नाव घेते'. अख्ख्या गाण्यात तो तिच्याशी थेट बोलतो ते इथेच. दुसऱ्या कडव्यात ती नाहीच, ना 'ती', ना 'तू'. 'नाव घेणं' म्हणताना मला आपलं लग्नघरच आठवतं. एरवी न उच्चारायचं नाव एकदाच सगळ्यांसमोर घ्यायचं, त्यातला संकोच आणि त्यातलं धाडस. इथे तर तोंड मिटलेलंच आहे, नाव नजर घेते.

मग ती कोण, आणि ती भेटते का? १९३५ च्या मूळ चित्रपटात याचं उत्तर आहे. श्रीमंत बापाचा मुलगा घर सोडून मार्गारिता नावाच्या नर्तिकेशी लग्न करतो. गरिबीत आणि आजारपणात ती जाते. तो पुढे मोठा गायक होतो, आणि पुष्कळ वर्षांनी मुलीला घेऊन जहाजानं मायदेशी निघतो. तिथे, डेकवर, हे गाणं. आई आणि मुलगी दोघींचं काम रोसिता मोरेनो या एकाच अभिनेत्रीनं केलंय. म्हणजे ज्या 'तू'ला नजर शोधते ती या जगात नाही आणि तिचाच चेहरा शेजारी उभा आहे. गाणं चित्रपटापासून सुटं करून ऐकलं तर ती गेली आहे असं कुठे म्हटलेलं नाही. माझं मत असं की ते न म्हणण्यातच गाण्याचं बळ आहे, कारण दुसऱ्या कडव्यात भीती कशाची वाटते ते नीट बघा: तिच्या भेटीची नाही, भूतकाळाच्या भेटीची. 'एल पासादो के वुएल्वे आ एन्फ्रेन्तार्से कोन मी विदा.' इथे 'वुएल्वे' आलं, तेच क्रियापद, दुसऱ्या क्रियापदाला जोडून. 'परत समोर उभा ठाकणारा भूतकाळ', आणि कानाला त्याच वेळी 'परतून आलेला भूतकाळ'. पहिल्या कडव्यात, धृवपदात परतत होता तो माणूस. आता परतून येतोय तो भूतकाळ, माणूस त्याच्या वाटेत उभा आहे. क्रियापद तेच, कर्ता बदलला. मराठीत आपल्या 'परत'मुळे हे जवळजवळ जसंच्या तसं उतरतं.

'पळून चाललेला वाटसरू' हेही सोडू नका. 'वियाखेरो के उये', म्हणजे पळणारा. पोटासाठी परदेशी गेलेला हा माणूस नाही. तो कशापासून तरी पळत होता, आणि पाय थकले. 'तार्दे ओ तेम्प्रानो' याला 'आज ना उद्या' ही आपली जोडी अगदी बेतलेली.

शेवटच्या ओळींत एक फसवा शब्द आहे, त्याची खूणगाठ बांधा: 'इलुसिओन'. इंग्रजीच्या सवयीनं याला 'भ्रम' म्हणायचा मोह होतो, आणि मी तपासलेल्या निम्म्या वह्यांमध्ये तेच असतं. स्पॅनिशमध्ये तो मुलांच्या डोळ्यांत सणाच्या आदल्या रात्री असतो तो भाव. आस, उमेद. विसरण्यानं मेली ती ही आस. आणि त्याच्याखाली अजून एक गोष्ट लपवलेली आहे, 'एस्पेरान्सा'. ज्या क्रियापदापासून ती आली त्याचे अर्थ दोन: आशा करणं आणि वाट पाहणं. ती 'उमिल्दे' आहे, गरीब, साधी. 'फोर्तुना'ला मी 'पुंजी' म्हटलं. पदराच्या गाठीला बांधलेले चार पैसे असतात ना, ती पुंजी. गाणं तिथे संपतं. गाठ सुटत नाही.

आता जरा या गाण्याच्या जन्माबद्दल, कारण त्यामुळे शब्द असे का आहेत ते कळतं. टँगो वाढला तो ब्युनोस आयर्स आणि उरुग्वेतल्या मोंतेविदेओच्या बंदरांवर, 'कोन्वेन्तियो' म्हणतात त्या एका चौकाभोवतीच्या दाटीवाटीच्या घरांत. आपल्या चाळीच्या जवळ जाणारी वस्ती. १९१४ च्या जनगणनेत ब्युनोस आयर्समधला जवळजवळ निम्मा माणूस परदेशात जन्मलेला होता, इटली आणि स्पेनचे सर्वांत जास्त. अशा शहरात 'परतणं' हा शब्द दर घरात निरनिराळा दुखायचा. टँगोची जुनी भाषा लुन्फार्दो ही तिथली बोली, इटालियन शब्दांनी भरलेली, बाहेरच्याला न कळणारी. पण हा चित्रपट पॅरामाउंट या अमेरिकन कंपनीमार्फत सगळ्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत जायचा होता, म्हणून ले पेरानं लुन्फार्दो बाजूला ठेवली आणि मेक्सिकोपासून माद्रिदपर्यंत कळेल अशी स्वच्छ भाषा लिहिली. गार्देलचे उच्चार मात्र तिथलेच राहिले. 'काये' म्हणजे गल्ली. तो शब्द त्याच्या तोंडी 'काझे'कडे झुकतो. कान देऊन ऐका.

चित्रण झालं न्यूयॉर्कमध्ये, अस्टोरियाच्या स्टुडिओत, १९३५ च्या सुरुवातीला. मागे ला प्लाता नदी नाही, दिवे नाहीत, सगळं सेटवर. त्याच चित्रपटात पेपर विकणारा एक पोरगा क्षणभर दिसतो. तो आस्तोर पियाझोला, तेरा वर्षांचा, ज्यानं पुढे टँगोचं रूपच बदललं. गार्देलला त्याला दौऱ्यावर न्यायचं होतं. वडिलांनी लहान आहे म्हणून पाठवलं नाही.

तो दौरा शेवटचा ठरला. गार्देलनं १९३३ च्या नोव्हेंबरमध्ये आर्जेंटिना सोडली होती. २४ जून १९३५ रोजी कोलंबियात मेदेयीनच्या धावपट्टीवर दोन विमानं एकमेकांवर आदळली आणि पेटली. गार्देल गेला, शब्द लिहिणारा ले पेराही त्याच विमानात गेला. गार्देलला तिथेच पुरलं. वर्षअखेरीस शवपेटी बाहेर काढली, आणि ती निघाली: डोंगरातून खेचरांवर, मग रेल्वेनं, बंदरातून जहाजानं न्यूयॉर्कला, तिथून खाली रिओ, मोंतेविदेओ. ५ फेब्रुवारी १९३६ ला ती ब्युनोस आयर्सच्या धक्क्याला लागली. ज्या माणसानं जहाजाच्या डेकवरून घरचे दिवे ओळखण्याचं गाणं गायलं, तो खराच जहाजातून घरी आला, तो असा. माहीत झाल्यावर हे गाणं पूर्वीसारखं ऐकता येत नाही. मला तरी येत नाही.

ब्युनोस आयर्समधल्या चाकारिताच्या दफनभूमीत गार्देलचा पूर्णाकृती ब्राँझचा पुतळा आहे. मी गेले तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांमध्ये कुणीतरी पेटती सिगारेट ठेवून गेलं होतं. अर्धी जळलेली, राख अजून पडायची होती. ही तिथली रीतच आहे, एक विझली की दुसरा कुणीतरी ठेवतो. चौथऱ्यावर पितळी पाट्यांची गर्दी, खाली ताजी फुलं.

तर तुमच्या समारंभाचं. पत्रिकेवर 'दादा घरी येतोय' एवढं आणि तारीख पुरे. स्पॅनिश काही हवंच असेल तर एखादं साधं 'बिएन्वेनिदो', म्हणजे सुस्वागतम. वहिनींसाठी वेगळं गाणं शोधा, टँगोत त्यांना शोभतील अशी सुखी प्रेमाची गाणी थोडी आहेत पण आहेत.

आणि 'वोल्वेर' लावाच. फक्त पाहुणे असताना, टाळ्या चालू असताना नको. जेवणं आटोपली, भांडी निपटली, घरचेच चार जण उरले की लावा. गार्देलचं १९३५ चं रेकॉर्डिंग घ्या, फ्लामेंकोचं नको. ते मला फार आवडतं, पण त्यात गाणारी अजिबात घाबरलेली नाही. जेमतेम तीन मिनिटांचं आहे. वर दिलेलं गद्य आधी बंधूंना वाचायला द्या, समजावून सांगायला जाऊ नका. गाणं संपलं की त्यांना एकच विचारा, विमान खाली येताना खिडकीतून पहिल्यांदा कुठले दिवे ओळखू आले. हे गाणं तिथपर्यंतचंच आहे, पुढचं तेच सांगतील.